उद्याची ओळ

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभं राहू नये, एवढी साधी गोष्ट माझ्या सासरच्यांना अजून कळलेली नाही. आठवडाभर ऑफिसात परक्यांचा डेटा निस्तरायचा आणि सुट्टीला घरच्यांचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

दार उघडलं तर माझा धाकटा दीर धनेश, त्याची बायको विजयश्री आणि धनेशच्या कंपनीत त्याच्याच लाइनवर काम करणारा बुद्धरत्न. चिखलीहून ताथवड्यापर्यंत दोन गाड्यांवर आले होते.

"वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे. एक एरर येतोय, तेवढा काढून द्या," धनेश म्हणाला.

"पाच मिनिटांचं असतं तर तूच नसतं का केलंस? या आत. चपला बाहेर काढा."

प्रकरण मला अर्धंमुर्धं माहीत होतं. धनेश चाकणला एका कंपनीत पर्मनंट आहे. लाइनवर रोबो येणार म्हणून कंपनीनं व्हीआरएस काढली होती. एकरकमी पैसे घ्या, सही करा आणि घरी जा. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार, म्हणजे उद्याच. इकडे या पठ्ठ्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शेअरचा भाव ओळखणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. तिला मागचे भाव शिकवायचे, मग ती दुसऱ्या दिवशीचा भाव सांगणार. नोकरी सोडायची, आलेले पैसे बाजारात घालायचे आणि घरबसल्या खायचं, असा त्याचा बेत.

चाकणमध्ये पर्मनंट म्हणजे काय, ते ठेकेदाराकडे राबलेल्या माणसाला विचारावं. पोरगी देतानासुद्धा पगाराच्या आधी तेच विचारतात. बुद्धरत्न नांदेडहून आला तेव्हापासून कितीतरी वर्षं ठेकेदाराकडेच होता. पर्मनंटचं लेटर मिळालं तेव्हा त्यानं ते काचेत बसवून हॉलमध्ये लावलं आणि पूर्ण लाइनला जेवण घातलं. आम्हीही गेलो होतो त्या जेवणाला.

"ताई, तुम्हीच काय ते सांगा यांना," विजयश्री माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मी बोलले की म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं."

"मला तरी बाजारातलं कुठं कळतं? स्क्रिप्ट काय म्हणते ते सांगेन, गं. चहा टाक तू."

धनेशनं लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. निळी रेघ खऱ्या भावाची, नारिंगी रेघ स्क्रिप्टच्या अंदाजाची. दोन्ही एकमेकींवर अशा बसलेल्या की निळी दिसेचना.

"मागच्या दोन वर्षांवर चालवली वहिनी. भाव चढणार की पडणार, शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर!"

बुद्धरत्न कौतुकानं मान डोलवत होता. आमच्या ऑफिसात मात्र कुणी सत्त्याण्णव दाखवले तर आम्ही पेढे वाटत नाही, आधी चोर शोधतो.

"मग घोडं अडलं कुठं?"

"उद्याचा भाव विचारला की लाल होतंय. फक्त उद्याचा. मागचे सगळे दिवस ओके."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. मी तक्त्यातली शेवटच्या दिवसाची ओळ काढून टाकायचो, की चालायचं. परवा रात्री म्हटलं आता खरोखरचा सोमवार विचारू, तर काही केल्या सांगेना."

"काढून टाकायचास? एरर येतोय म्हणून ओळच काढून टाकायचास?"

"एक पीस रिजेक्ट आला म्हणून लाइन थांबवतात का वहिनी?"

"ऑडिटवाले आले की रिजेक्ट मालाचे लाल ट्रे पत्र्यामागं," बुद्धरत्न हसत म्हणाला. "सगळीकडे तसंच चालतंय."

डोकं सटकलं माझं, पण तेवढ्यात चहा आला आणि मी स्क्रिप्ट वरपासून वाचायला घेतली. तक्त्यात एका दिवसाची एक ओळ. भाव किती, किती शेअर विकले गेले, वर किती गेला, खाली किती आला. हे सगळं स्क्रिप्टला द्यायचं आणि तिनं दुसऱ्या दिवशीचा भाव ओळखायचा. इथवर ठीक. पण धनेशनं दुसऱ्या दिवशीच्या भावाचा रकाना करून तोही तिला देऊन टाकला होता. मुद्दाम नाही, चुकून राहिलेला. परीक्षेला बसलेल्या पोराच्या हातात उत्तरंच दिल्यासारखं. मागच्या प्रत्येक दिवसाला दुसरा दिवस होता, म्हणून ती सगळं बरोबर सांगत होती. शेवटच्या ओळीला तेवढा नव्हता. तो रकाना रिकामा, म्हणून एरर.

"धनेश, एररला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "सगळ्या स्क्रिप्टमध्ये तेवढाच एक खरं बोलतोय. उद्याचा भाव सांगायला तिला उद्याचाच भाव लागतोय. तो तू कुठून आणणार?"

त्याला पटलं नाही. मी तो रकाना काढला आणि परत चालवली. एरर गेला. शंभरात एक्कावन्न. नाणं उडवलं तरी तेवढे येतात.

"बिघडवलीत तुम्ही! इतके दिवस चालत होती!" धनेश उठून उभाच राहिला.

"चालत होती? बस खाली!" माझाही आवाज चढला. "मागचा महिना तिच्यापासून लपवते. बघ तुझ्या डोळ्यांनी, मग बोल."

एकेक दिवस विचारत गेलो. ती वर म्हणाली, भाव पडला. परत वर म्हणाली, परत पडला. मध्येच एखादा बरोबर यायचा आणि धनेश मान वर करायचा, की पुढचा चुकायचा. अर्ध्यावर त्यानंच लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. महिनोन्महिने सेकंड शिफ्टवरून येऊन जागला होता बिचारा. मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

जरा वेळानं त्यानं शर्टाच्या खिशातून व्हीआरएसचा फॉर्म काढला, उभा-आडवा फाडला आणि तुकडे विजयश्रीच्या हातात दिले. ती ओठ आवळून रडायला लागली.

"देवच पावला बाई. बरं झालं तुम्ही थांबलात," ती नवऱ्याला म्हणाली.

मलाही हायसं वाटलं. जेवूनच जा म्हणायला मी वळले, तर बुद्धरत्न त्या फाटक्या कागदांकडे बघत होता. त्याचा चहा तसाच, साय धरलेला.

"वहिनी," त्यानं मला विचारलं, "दिलेली सही मागं घेता येते का हो?"

धनेशनं मान वर केली. "कुणी दिली सही?"

"मी. शुक्रवारी दुपारीच."

"अरे, मला विचारायचंस तरी!"

"तुलाच विचारलं ना भावा, बुधवारी. तूच तो आलेख पाठवलास. म्हणालास, तू पुढं हो, मी सोमवारी येतोच. नंतर आपल्या शिफ्टची गाठच पडली नाही. आज सांगणार, तर तुझं सकाळपासून एररचंच चाललं होतं."

विजयश्रीनं कागदाचे तुकडे मुठीत घट्ट धरले आणि मूठ पदराखाली नेली. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं ते हेच, की आपला वाचला. शरम वाटली मला माझी.

"उद्या एचआरला जाऊ," मी म्हटलं. "युनियनला भेटू. शेवटची तारीख अजून गेलेली नाही ना?"

"फॉर्मवरच छापलंय वहिनी, एकदा दिला की मागं घेता येणार नाही. वाचूनच केली सही." तो उठला आणि दारात बसून बूट चढवायला लागला.

नाडी बांधून झाल्यावर त्यानं खिशातून एक छोटी किल्ली काढून धनेशच्या हातात दिली.

"गेटपास त्यांनी शुक्रवारीच जमा करून घेतला, मला आता आत सोडत नाहीत," तो म्हणाला. "तू उद्या शिफ्टला जाशील तेव्हा माझा लॉकर उघड. डबा आणि सेफ्टी शूज आहेत आत, तेवढे घेऊन ये."