आयलीचं लाल कुंपण

रेनो कोस्की गेला, त्यानंतर त्याच्या बायकोने, आयलीने, रस्त्याकडेच्या डॉगवुड झुडपांच्या कुंपणाला कुणाला हात लावू दिला नाही. रेनोने पलीकडच्या दलदलीतून काड्या आणून ते कुंपण लावलं होतं. उन्हाळ्यात कुणी वळून बघणार नाही इतकी साधी ती झुडपं. पण पानं गळून बर्फ पडलं की काड्या अशा लाल दिसायच्या, की तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे हळू व्हायच्या. दर मार्चमध्ये रेनो जुनी लाकडं बुडापासून छाटायचा. आयलीला ते कधी बघवलं नाही. तो गेल्यावर तिने छाटणीची कात्री खिळ्याला टांगली ती टांगलीच.

छाटणीच नाही म्हटल्यावर काड्या जून झाल्या, करड्या पडल्या. लाली उरली ती शेंड्यांना, तीही थोडी.

रेनोची बहीण हेल्मी दर रविवारी चर्चहून परस्पर कॉफीला यायची आणि खिडकीशी बसून तेच म्हणायची.

"आयली, यंदा तरी काप गं ती. भुतं उभी केल्यासारखी दिसतात."

"तुझ्या भावाने लावलीत."

"लावली त्याने, आणि दरवर्षी कापलीही त्यानेच. तेवढं बरं विसरतेस."

आयली उठून कपात कॉफी ओतायची आणि हवापाण्याचं काहीतरी काढायची.

खरं तर ती थकली होती. थंडीआधी ससे कुरतडू नयेत म्हणून प्रत्येक झुडपाला जाळी गुंडाळायची, हरणं आली की दारातून ओरडायचं, जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून एकेक फांदी झटकायची. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. तरी एखादी फांदी मोडली की तिला वाटायचं, रेनोचं आणखी काहीतरी आपल्या हातून गेलं.

मग एका मार्चमध्ये कडाक्याच्या थंडीत पाऊस पडला, पडताच गोठला आणि रस्त्याची नुसती काच झाली. सकाळी आयली ओट्याशी उभी असताना बाहेर लोखंड खरवडल्याचा केवढा तरी आवाज झाला. ती घरातल्या सपातांवरच धावली. बर्फ हटवणारा ट्रक रस्ता सोडून तिच्या अंगणात आडवा आला होता. पुढच्या पात्याने कुंपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भादरून काढलं होतं. आत ट्रक चालवणारा गावातला व्हर्न बसला होता, पांढराफटक, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर.

"व्हर्न, हातपाय हलव बघू."

त्याने हलवले.

"मान वळव."

"सगळं ठीक आहे, मिसेस कोस्की. पण तुमची झुडपं…"

"आधी खाली उतर. आत चल."

स्वयंपाकघरात तिने त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. "रेनोने लावली तेव्हा मी होतो," तो म्हणाला. "खड्डे आम्ही दोघांनी खणले होते. तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

"दाखवतोयस की. धड दाखवतोयस, मला तेवढं पुष्कळ आहे. कॉफी घे."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हे त्याची समजूत काढायला म्हटलेलं नाही. खरंच तेवढं पुष्कळ होतं.

दुसरा ट्रक येऊन व्हर्नला आणि त्याच्या ट्रकला घेऊन गेला. आयली कोट घालून मोडलेल्या फांद्यांपाशी जाऊन उभी राहिली. रडू येईल म्हणून थोडी थांबली. आलं नाही. मग आत येऊन तिने सूप गरम केलं, दोन वाट्या प्यायली आणि खुर्चीतच झोपून गेली.

दुपारी हेल्मी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली. गावभर बातमी झाली होती.

"रडलीस का?"

"नाही."

"असं दाबून ठेवू नये गं."

"दाबून कुठलं ठेवतेय? झोपले होते." आयलीने पाव कापायला घेतला. "हेल्मी, तुला राग येईल. पण मला सुटल्यासारखं वाटतंय. आता राखायला नकोत ती. मी कापली नाहीत, माझ्या हातून मेलीही नाहीत. मला कुणी जाब विचारणार नाही."

"कोण विचारणार होतं? रेनो?"

"हो."

"रेनो," हेल्मी म्हणाली, "ज्याला कपाळावरचा चष्मा सापडायचा नाही, तो तुझ्या फांद्या मोजत बसलाय?"

आयलीला हसू फुटलं. मग हेल्मीलाही. दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता हेल्मी खरीच रडली. "मला तो लाल रंग हवा होता गं," ती म्हणाली. "म्हणून तुझ्या मागे लागायचे. तो रंग दिसला की आमचा रेनो घरात आहे असं वाटायचं."

"मग तसं सांगायचं ना. भुतं काय म्हणत होतीस?"

"चुकलंच. पण ती मेलीत असं का धरून चाललीस? जमीन दगडासारखी गोठलीय. मुळं जागच्या जागी असतील."

बर्फ वितळल्यावर दोघींनी स्टुलावर बसून चिरफाळलेली खोडं करवतीने नीट कापली. बर्चच्या झाडांना पानं आली तरी खोडं गप्पच. नाही आली तर नाही, असं आयली स्वतःला सांगायची, आणि रोज सकाळी कॉफीआधी जाऊन बघायची. एके दिवशी बुडाशी तांबूस टोकं दिसली. उन्हाळा संपेपर्यंत फुटवे कंबरेला लागले. एका कडेचे सशांनी कुरतडले. तिने जाळी काही लावली नाही. खातील तेवढं खातील, उरेल ते उरेल.

पानं झडली, पहिलं बर्फ पडलं, आणि कुंपण पुन्हा लाल झालं. काड्या बारीक होत्या, पण तळापासून शेंड्यापर्यंत लाल. त्या रविवारी हेल्मी कॉफी तशीच ठेवून बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"मार्चमध्ये सगळी बुडापासून कापू," शेवटी ती म्हणाली.

"सगळी कशाला? रेनो तिसरा हिस्सा कापायचा."

"रेनो आळशी होता."

"हेल्मी, तुझा सख्खा भाऊ होता तो."

"म्हणूनच मला ठाऊक आहे."

हेल्मी निघाली तेव्हाही काही ठरलं नव्हतं. तिची गाडी वळणापलीकडे गेल्यावर आयलीने खिळ्यावरची कात्री काढली. व्हर्नच्या बायकोला दारातल्या कुंडीत शोभेला खोचायला काड्या हव्या होत्या. आयलीने चांगल्या सरळ, लांब काड्या निवडल्या, मोठी जुडी होईपर्यंत कापल्या, आणि त्या बांधायला सुतळी शोधत आत आली.