तीनचाकीचा मागचा माणूस

त्या काळी किन्शासात ज्या घरात पाय गेलेलं एखादं माणूस असे, त्या घराला लोक नशीबवान म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. नदीपलीकडे, दुसऱ्या देशातल्या ब्राझाव्हिलला जाणाऱ्या बोटीत अपंगाला तिकीट जवळजवळ नसल्यासारखंच होतं. तीनचाकीवरच्या मालाला जकातवाले हात लावत नसत, आणि तीनचाकी ढकलायला एक धडधाकट माणूस सोबत न्यायची मुभा होती. सरकारने ही सवलत दयेपोटी दिली, लोकांनी ती धंद्यापोटी घेतली. दया आणि धंदा यांचा इतका सुखाचा संसार आपण पुन्हा कुठे पाहिला नाही, असं माकिएसे आजही म्हणते.

आता तिची साठी उलटली आहे. बारुंबू वस्तीतल्या अंगणात आंब्याखाली बसून ती हातमशीनवर लुगड्यांच्या कडा शिवते. दुपारी नदीवरून बोटीचा भोंगा ऐकू आला की मशीनचं चाक आपोआप थांबतं. भोंगा तोच आहे. पण पूर्वी त्याच्या पाठोपाठ सगळी गल्ली धक्क्याकडे धावायची, सुक्या मासळीचा वास, साबणाचा वास, चार रेडिओंवर चार गाणी आणि सगळ्यांवर मात करणारा तीनचाकीवाल्या म्पियादादाचा आवाज, "पाय असलेल्यांनी बाजूला व्हा!" आता भोंगा एकटाच वाजतो आणि गप्प बसतो.

पोलिओने माकिएसेचे पाय लहानपणीच नेले आणि त्या बदल्यात पैलवानाचे हात दिले. तिची तीनचाकी म्पियादादाने जुन्या सायकली आणि एका लोखंडी खाटेतून जोडून दिली होती. पुढे तिची बसायची जागा, हाताने फिरवायचे पेडल, आणि मागे खाटेएवढा लांबरुंद ओटा. त्यावर कापडाचे गठ्ठे, दुधाच्या पावडरीची पोती, साबणाची खोकी असं रचलं जाई की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक टेकडीच बाईचं डोकं लावून बोटीकडे निघाली आहे.

या टेकडीमागे जो ढकलत असे त्याला धक्क्यावर "मागचा" म्हणत. मागच्याची जागा मिळावी म्हणून काय रांगा लागत! पगार थकलेले मास्तर यायचे, गुडघा दुखावलेला फुटबॉलपटू यायचा, चर्चमधला एक उपदेशकही येऊन गेला; तो ढकलायचा कमी आणि आशीर्वाद जास्त द्यायचा. शहरातली निम्मी धडधाकट माणसं तेव्हा अपंगांच्या आधाराने उभी होती.

एबेंगो आला तो एका दिवसापुरता. माकिएसेला ढकलणाऱ्या चुलतभावाला ताप भरला होता, म्हणून बदली. मग भाऊ बरा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, आणि एबेंगोची बदली चालूच राहिली. हे वरच्या गावाकडचं, नदीकाठचं माणूस. बोलायला हळू, ढकलायला रेड्यासारखं. दोघांच्या मध्ये टेकडी असल्यामुळे बोलणं व्हायचं ते मालाच्या डोक्यावरून.

"बाई, डावीकडे खड्डा आहे."

"मला दिसतोय. पुढे मी बसलेय."

"मला तर तुमचं डोकंसुद्धा दिसत नाही. अंदाजाने सांगतो. या रस्त्याला डावीकडे खड्डा आहे म्हटलं की चुकत नाही."

"मग उजवीकडे?"

"उजवीकडे सांगायची गरज नसते. तिकडे रस्ताच नाही."

असं हसत-खिदळत बोट गाठायची. बोटीत तीनचाकी घरंगळू नये म्हणून तो मागचा दांडा धरून उभा राही, म्हणजे तिथेही टेकडी मध्ये होतीच. एकदा भर नदीत, साबणाच्या खोक्यांपलीकडून, त्याचा आवाज आला, "बाई, आपण लग्न केलं तर?"

माकिएसेला त्याचं तोंड दिसेना. तोंड न पाहता असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? ती म्हणाली, "आधी ती दुधाची पोती बघ, ओली होतायत."

पोती कोरडी होती. ते त्यालाही ठाऊक होतं. विषय नदीत बुडाला तो बुडालाच.

पण तिच्या मनातून तो वर येत राहिला, कारण मावशी त्याला बुडू देत नव्हती. "तो तुला ढकलत नाही गं," मावशी कसाव्याची पानं कुटता कुटता म्हणायची, "तुझ्या सवलतीला ढकलतोय. त्याचं सवलतीशी लग्न लावून बघ, तो हुंडासुद्धा देईल." माकिएसे तिला उलट बोलायची; रात्री अंथरुणावर मात्र तोच हिशेब मांडून बसायची. मी हवीय की बोट हवीय? हे विचारायचं तरी कोणाला? ज्याला विचारायचं, त्यालाच तर विचारता येत नव्हतं.

आणि एके दिवशी धक्क्यावरच्या कर्ण्यातून घोषणा झाली. सोमवारपासून सर्वांना एकच तिकीट आणि सर्वांच्या मालाला एकच जकात. कारण सर्व नागरिक समान आहेत. कर्णा म्हणाला की हा अपंगांचा सन्मान आहे. सन्मानाची बातमी ऐकून म्पियादादा हमसून हमसून रडला. तो तीनचाकीवाल्यांच्या संघाचा म्होरक्या. त्याला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. "पोरांनो," तो म्हणाला, "इतकी वर्षं आपल्याला कमी लेखत होते, म्हणून पोटभर खात होतो. आता बरोबरीला आणून बसवलंय."

सोमवारी धक्क्याकडचा रस्ता झाडून घेतल्यासारखा मोकळा होता. मास्तर शाळेत परतले, उपदेशक देवाकडे परतला. एबेंगोही आला नाही. माकिएसे केस विंचरून, नवं लुगडं नेसून दारात तीनचाकीवर बसून राहिली. ऊन अंगणभर पसरलं. मावशी नुसती भाजी कुटत राहिली. पण ते कुटणंच फार बोलकं होतं. मंगळवारही तसाच गेला.

बुधवारी माकिएसे निघाली. एकटी. एबेंगोच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बुंबू वस्तीत, ती कधी गेली नव्हती. बुंबूच्या गल्ल्या म्हणजे गुडघाभर रेती. तिसऱ्या वळणावर चाक रुतलं. पूर्वी चाक अडखळलं तरी दहा हात पुढे यायचे. आता दारात बसलेल्या एका माणसाने अदबीने विचारलं, "ताई, तुमची सवलत गेली ना?"

"गेली."

"अरेरे," तो म्हणाला आणि बसून राहिला.

तिने खाली उतरून, हातांनी रेती उपसून, कर्ण्यापासून नागरिकांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत चाक सोडवलं. एबेंगोच्या अंगणात शिरली तेव्हा ती डोक्यापासून पायांपर्यंत रेतीने माखलेली होती, आणि तो बहिणीबरोबर शेंगा सोलत बसला होता. तिला पाहून तो ताडकन उठला. मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"काम सोडायचं तर माणसाने सांगून सोडावं," माकिएसे म्हणाली.

"काम उरलंय कुठे, बाई? माल नाही, बोट नाही. बाजारात जायला तुमचे हात पुरतात. मी आलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, हा आता फुकट जेवायला आला."

"मी म्हणाले असते?"

"तुमची मावशी म्हणाली असती."

हे काही माकिएसेला खोडून काढता येईना.

"मला वाटलं," तो शेंगांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला मागचा हवा होता. मी म्हणून नाही. कुणीही चाललं असतं."

हे वाक्य तर माकिएसेचं होतं! कितीतरी रात्री घोळवलेलं, शब्दन् शब्द तिचं. आणि हा मेला खुशाल आपलं म्हणून बोलत होता.

"ताई," त्याची बहीण म्हणाली, "सोमवारपासून हा नीट जेवला नाहीये. शेंगा सोलतो तेही दाणे फेकतो आणि सालपटं टोपलीत टाकतो. तुम्ही याला घेऊन जा बाई."

"चल," माकिएसे म्हणाली.

"कुठे?"

"नदीवर. पलीकडे जाऊन येऊ."

"माल?"

"नाही."

"पूर्ण तिकिटाने? दोघं? कशाला पण?"

"समान नागरिक आहोत. बघू तरी कसं वाटतं ते."

धक्क्यावर नवा जकातवाला होता. इतक्या वर्षांत जिथे कोणी हात लावला नव्हता, तिथे त्याने पहिल्यांदा झडती घेतली. ओट्याखाली वाकून पाहिलं, बसायची गादी दाबून पाहिली. काहीच सापडेना, तसा तो चिडत गेला.

"माल कुठंय?"

"नाही."

"मग पलीकडे कशाला?"

"जाऊन यायला."

असं उत्तर त्या धक्क्यावर कोणी दिलं नव्हतं. त्याने संशयाने मागे पाहिलं. "आणि हा कोण?"

माकिएसेने दाबलेली गादी पुन्हा सारखी केली.

"हे माझे यजमान आहेत," ती म्हणाली.

"कधीपासून?" मागून एबेंगोने विचारलं.

जकातवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "त्यालाच माहीत नाही?"

"त्यांना जरा उशिरा कळतं," माकिएसे म्हणाली. "सोडा आम्हाला, बोट सुटेल."

बोटीत एबेंगो सवयीने मागचा दांडा धरून उभा राहिला. "इकडे पुढे या," माकिएसे म्हणाली. तो पुढे आला आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून त्याने दोन्ही हात खिशात घातले, मग बाहेर काढले. मध्ये काहीच नव्हतं. त्यामुळे दोघांना नदी दिसली. जलपर्णीची हिरवी बेटं तरंगत चालली होती, एका बेटावर पांढरा बगळा तिकीट न काढता बसला होता.

"एवढी रुंद होती ही?" एबेंगोने विचारलं.

"असेल. साबणामुळे दिसली नाही."

ब्राझाव्हिलला दोघं उतरले, धक्क्यावर तळलेली मासळी खाल्ली, आणि दुसरं करण्यासारखं काही न सुचल्यामुळे परत निघाले. परतीची तिकिटं एबेंगोने काढली. खिडकीतल्या माणसाने काहीही विचारलं नव्हतं, तरी एबेंगोने वाकून त्याला सांगितलं की तिकडे सावलीत तीनचाकीवर बसलीय, ती माझी बायको. खिडकीतला माणूस म्हणाला, "बरं, पुढचा."