दाराच्या वरचा पट्टा

सृष्टीने हँडल फिरवायला सुरुवात केली आणि चाकांवरची फळी खडखडत पुढे-मागे सरकू लागली. फळीवर आइस्क्रीमच्या काड्यांचे दोन मनोरे उभे होते. डावीकडचा दोन-तीन हिसक्यांतच गुडघ्यात वाकल्यासारखा झाला आणि कोसळला. उजवीकडचा थरथरला, करकरला, पण पडला नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेचं सभागृह पालकांनी भरलं होतं. जपानच्या विज्ञान सहलीहून परतलेल्या मुलांनी तिथे काय शिकलो ते आज सांगायचं होतं. बाकीच्यांनी फोटो दाखवले. नववीतली सृष्टी मात्र भूकंपासारखं हलणारं हे टेबल घेऊन आली होती.

"दुसऱ्याला मी तिरप्या काड्या लावल्यात," ती म्हणाली. "त्यामुळे चौकटीचे कोपरे उघडत नाहीत. हे मला आधी माहीत नव्हतं. कोबेच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी माझाच मनोरा पडला."

सभागृहात हसू पसरलं. तीही हसली. त्या दिवशी मात्र तिचे डोळे भरून आले होते. कुणी बघायच्या आत ती मोडक्या काड्या गोळा करून पिशवीत कोंबत होती, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या ओगावा मॅडमनी तिचा हात धरला. त्या टेबलाशेजारी जमिनीवरच बसल्या आणि काड्या ज्या क्रमाने मोडल्या, त्या क्रमाने त्यांनी तिला मांडायला लावल्या. कुठून पडायला लागलं ते बघ, त्या म्हणाल्या. मग एकच गोष्ट बदल आणि पुन्हा उभं कर. सहलीच्या शेवटच्या चाचणीत सगळ्यांचे मनोरे पडले, तिचा राहिला.

टाळ्या थांबल्यावर विज्ञानाच्या जोगळेकर सरांनी माइक घेतला.

"कुणाला काही शंका? नसल्या तरी चालेल. चहा तयार आहे."

शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला. सृष्टीचे वडील, बद्रीनाथ. बिबवेवाडीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते फिटर होते आणि कामावरून तसेच आले होते. टेबलाची चौकट त्यांनीच जोडून दिली होती. फिरवल्यावर सरकणारी फळी हवी, एवढंच सृष्टीने त्यांना सांगितलं होतं. पालकसभेत ते कधी तोंड उघडत नसत.

"दगड-मातीचं घर ठेवून बघितलं का यावर?"

"नाही पप्पा. तिथे तसं कुणी बांधलंच नाही."

"टिकंल का ते?"

सृष्टीने सरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

"वा," जोगळेकर सर म्हणाले. "प्रश्न आहे आणि उत्तर नाही. आता खरा विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला म्हणायचा."

"मग बघू या की," बद्रीनाथ म्हणाले.

टेबल पटांगणात नेलं. पाण्याच्या टाकीमागे बांधकामाची खडी पडली होती. तिच्या वर्गातल्या तेजसने आणि बाकीच्या मुलांनी ती बादल्यांतून आणली, बागेतली माती कालवली. पालक चहाचे कप घेऊन भोवती उभे राहिले. बद्रीनाथ फळीपुढे उकिडवे बसले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दुहेरी दगडांच्या जाड भिंती, मध्ये चिखल, एका बाजूला दार, वर काड्यांचं माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. हात भराभर चालत होते. सृष्टी त्यांना खडे देत होती. हे घर ते मनाने रचून बांधत नाहीयेत, आठवून बांधतायत, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं.

"इथं चूल," ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "इथं आई-अण्णा. मी आणि तुझा काका सीताराम बाहेर, अंगणात बाजेवर." मग त्यांचं बोट आतल्या भिंतीशी थांबलं. "इथं मैना."

"मैना कोण?"

"तुझी आत्या. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. पहाटे हाललं."

त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप सृष्टीने भूगोलाच्या पुस्तकात वाचला होता. वडिलांचं गाव लातूरकडचं आहे, हेही तिला ठाऊक होतं. आजी-आजोबा तिच्या जन्माआधीच गेले, एवढंच घरी कुणी तरी कधी सांगितलं होतं. या गोष्टी तिने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"नको फिरवायला," ती म्हणाली.

"फिरव."

तिने हँडल धरलं. चार-पाच हिसके घर तसंच राहिलं, मग भिंती बाहेर कलल्या आणि माळवद धप्पकन खाली बसलं. बद्रीनाथ त्या ढिगाकडे पाहत उभे होते. त्यांच्या हातावरचा चिखल वाळत आला होता.

ढीग झटकन पुसून टाकावा, असं सृष्टीला वाटलं. पण ती फळीशेजारी जमिनीवर बसली आणि तिने वडिलांचा हात धरून त्यांनाही खाली बसवलं.

"पप्पा, आधी कुठून पडायला लागलं?"

त्यांनी ढिगात एका जागी बोट ठेवलं.

"कोपरा. आधी कोपरा उघडला. मग भिंत भिंतीला सोडून गेली."

"मग कोपरे सुटू द्यायचे नाहीत. तेजस, बांबूच्या पट्ट्या आण. आणि तार."

"छप्पर पण हलकं करू ना," तेजस म्हणाला.

"नको. एका वेळी एकच गोष्ट."

जोगळेकर सरही बाह्या सरसावून खडे निवडायला बसले.

घर पुन्हा उभं राहिलं. तेच दगड, तीच माती, तेवढंच जड माळवद. फक्त दाराच्या वर, चारी भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा. बांबूच्या पट्ट्या चारी कोपऱ्यांत तारेने आवळलेल्या. या वेळी हँडल बद्रीनाथांनी घेतलं.

त्यांनी आधी हळू फिरवलं. मग जोरात. मातीत एक तडा गेला, दाराजवळचे दोन खडे निसटून पडले. कोपरे मात्र हलले नाहीत. ते आणखी जोरात फिरवू लागले. टेबलाचे पाय जमिनीवर नाचायला लागले, मुलं ओरडू लागली, कुणाचा तरी चहा सांडला.

"पप्पा, बास! टिकलं!"

"अजून," ते म्हणाले. "अजून बघू दे."

दमून हात सुटला तेव्हाच ते थांबले. घर उभं होतं. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. सृष्टीने दोन्ही हात वर करून उडी मारली आणि वडिलांच्या चिखलाच्या शर्टाला बिलगली. ते हसत होते, त्यांचे डोळे वाहत होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

नंतर नळाखाली हात धुऊन त्यांनी मोबाइल काढला.

"सीताराम, शेतातल्या खोलीचं काम कुठवर आलंय? ... दाराच्या वर गेला नाहीस ना अजून? मग थांबव. उद्या गवंड्याला सांग, थांब म्हणून." पलीकडून बरंच काही बोलणं आलं. "न्हाई न्हाई, पाडायचं काही नाही. वर एक पट्टा फिरवायचा आहे. ... मला काय विचारतोस? हिला विचार."

त्यांनी फोन सृष्टीच्या हातात दिला.

"हॅलो, काका," ती म्हणाली. "भिंतींची जाडी किती आहे? आणि कोपरे कसे जोडलेत, ते आधी मला नीट सांगा."