इंजिन मोकळं होईपर्यंत

“ह्याच्यापरीस यष्टीनं आलो असतो तर आतापरेंत घरी भाकरी टाकून झाल्या असत्या,” झुंबरबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

झुंबरबाईंचं पुटपुटणं म्हणजे शेजारच्या गल्लीत ऐकू जाणारं. पुढे गाडी चालवणाऱ्या त्यांच्या लेकाला, कल्याणला, ते ऐकू गेलं नसेल असं मीनाला अजिबात वाटलं नाही. पण त्याची मान हलली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं गच्च धरलेलं, जसं काही कुणी ते हिसकावून पळणार होतं.

पिंपळगाव रेणुकाईच्या देवीला गाडी दाखवून निघाल्याला तास होत आला होता. मघाशी यष्टी पुढे गेली. मग शेळ्यांचा टेंपो गेला, आणि त्यातल्या एका शेळीनं मागे वळून बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. पाच महिन्यांपूर्वी घेतलेली, लाल भडक, टर्बो इंजिनाची गाडी भोकरदन-जालना रस्त्यानं चाळीसनं चालली होती. कल्याणशेजारच्या शिटावर देवीच्या प्रसादाची पिशवी होती. पाच नारळांच्या वजनानं गाडी तिला माणूस समजून टूं टूं करायला लागली, म्हणून मीनानं पिशवीला पट्टा लावला होता.

“सावकाश गेलेलं बरं, आत्याबाई,” मीना म्हणाली. “इंजिन नवीन आहे.”

“पाच महिने झाले, नवंच हाये. लेकरू असतं तर पालथं पडाया लागलं असतं.”

मीनानं हसू पदरात दाबलं. पण हसू येण्यासारखं त्यात फार नव्हतं.

कल्याणचं मंठ्यात बी-बियाणांचं दुकान. पण त्याचा जीव बियाण्यात कधीच नव्हता. तो गाड्यांत होता. गल्ल्यावर बसून, रस्त्याकडे पाठ असताना, नुसत्या आवाजावरून गाडी कुठली, इंजिन केवढं, चालवणारा गिअर बराबर टाकतो की न्हाई, हे तो सांगायचा. मका घ्यायला आलेला माणूस टर्बो म्हणजे काय ते शिकून जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यानं मीनाला साडी दाखवावी तसं मासिकातून कापलेलं एक चित्र दाखवलं होतं, लाल गाडीचं. “एक दिवस घीन,” म्हणाला होता. वीस वर्षं लागली, पण घेतली.

मधे एक गोष्ट झाली होती. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या धुक्याच्या सकाळी, परतूरच्या रस्त्यावर जुन्या गाडीनं उसाची ट्रॉली ओलांडताना ट्रॉली अचानक उजवीकडे वळली. कल्याणनं ब्रेक दाबला, गाडी फिरली, एक दार चेपलं. कुणाला खरचटलंही नाही. तो घरी आला, हातपाय धुतले, जेवला. जेवताना भाजीत मीठ नव्हतं. तेही त्यानं सांगितलं नाही.

नवी गाडी आली तेव्हा शोरूमवाल्यानं सांगितलं, पहिले हजार किलोमीटर दमानं, इंजिन मोकळं होऊ द्या. हे वाक्य कल्याणच्या असं कामी आलं की विचारू नका. गावातल्या पोरांनी “काका, किती पळती?” विचारलं की तो आकडे घडाघडा सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “पण अजून इंजिन मोकळं व्हायचंय.” हजार झाले. मग म्हणाला, दीड हजार तरी होऊ द्या. दीड हजार झाल्यावर ऑइल बदलेपर्यंत थांबायचं ठरलं. ऑइल बदललं, तर देवीला दाखवल्याशिवाय नवी गाडी पळवत नसतात, हे त्याला आठवलं. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण कशाला माना डोलावतोय ते सगळ्यांना माहीत होतं.

ते ऑइल बदलायचं काम अलीमकडे होतं. अलीम कल्याणचा शाळेपासूनचा दोस्त, मंठ्यात त्याचं गॅरेज. कल्याण त्या दिवशी खताच्या कंपनीच्या मीटिंगला जालन्याला गेला होता, म्हणून गाडी आणायला मीना गेली. तिचं माहेर आष्टीचं. तिचे वडील, पुंजारामआबा, वडापची, म्हणजे शिटावर माणसं भरून न्यायची, जीप चालवायचे आणि शेताच्या वाटेवर त्यांनी लेकीलाही शिकवलं होतं. “डोळे रस्त्यावर अन् कान पायात ठेवायचे,” एवढाच त्यांचा धडा. लग्नानंतर मीनाच्या वाट्याला स्कुटी आली. तिचं लायसन काढताना अलीमनंच चारचाकीचंही काढायला लावलं होतं.

“भाभी, गाडीला कायबी झालेलं न्हाई,” अलीम हात पुसत म्हणाला होता. “गुदमरून राह्यली बिचारी. हिला दौडवाया लागतं. तुम्ही बायपासनं जा. अन् मी कायबी बोललो न्हाई, तुम्ही कायबी ऐकलं न्हाई.”

तर मीना बायपासनं गेली. शीट पुढे ओढलं, आरसा खाली केला. त्या सात मिनिटांबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढचे तीन दिवस भाकरी थापताना तिचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता. तिला ती गाडी पुन्हा चालवायची होती. साधी गोष्ट होती. पण चावी मागायची म्हणजे दुसरीही एक गोष्ट, घरात सगळ्यांना माहीत असलेली, तोंडातून बाहेर काढायची, आणि ती तिला काढायची नव्हती. वीस वर्षं जपलेल्या चित्रावर आपण हात ठेवायचा कसा?

जालना जवळ आलं तसा समृद्धी महामार्गाचा फलक दिसला.

“हाच का तो रस्ता?” झुंबरबाई सरसावल्या. “शेजारची चांगुणाबाई सांगत होती, पोटातलं पाणी हालत न्हाई म्हणून. तिनं बघितला, मी न्हाई बघितला. चल रं कल्याणा, जरासं.”

“माय, उशीर होईल.”

“चाळीसनं चालल्यावर व्हणारच की. देवीला दाखवून झालं, ऑइल झालं, आता काय नंदीला इचारायचंय का?”

पिशवीतले नारळ एकमेकांवर आपटले. कल्याणनं इंडिकेटर दिला. नाक्यातून आत जाऊन, पुढच्या नाक्याला उतरून माघारी यायचं, असं ठरलं.

रस्ता असा उघडला की मीनाला आपलेच खांदे सैल झाल्यासारखे वाटले. पांढरं काँक्रीट, दोन्हीकडे कापसाची काळी रानं, वर नुसतं आभाळ. कल्याणनं साठ केले. पासष्ट. ट्रक हॉर्न देत बाजूनं गेले. प्रत्येक ट्रकाला गाडी जरा थरथरायची आणि कल्याण एक्सिलेटरवरून पाय काढायचा. एसी चालू होता, तरी त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. आरशात मीनाला त्याचे डोळे दिसले. गाड्यांची चित्रं दाखवणारे डोळे असे नसायचे.

तिला वाटलं, आता बोलावं. तिनं नुसती पुढच्या शिटाची कड धरली.

“थांब रं,” झुंबरबाई एकदम म्हणाल्या. “मळमळून राह्यलं.”

पुढे पेट्रोल पंप होता. कल्याणनं गाडी आत घेतली, बंद केली, आणि हात मांडीवर पुसले. झुंबरबाई उतरल्या, चहा प्यायल्या, वर वडापाव खाल्ला. मळमळणाऱ्या माणसानं एवढ्या चवीनं वडापाव खाल्लेला मीनानं पहिल्यांदाच बघितला.

“बरं वाटतंय का आता?” कल्याणनं विचारलं.

“न्हाई वाटत. मला धरून बसाया कुणीतरी पाहिजे. हिचे हात म्हंजे नुसती काडी. तू ये मागं.” मग बोटाला लागलेली चटणी चाटत त्या म्हणाल्या, “गाडीचं बघल मीना.”

गाडीचं बघल. गॅसवरचं दूध बघावं तसं.

कल्याणनं आईकडे बघितलं, मग मीनाकडे. चावी त्याच्या मुठीत होती. मूठ जराशी उघडली आणि तशीच राहिली. मीनाला ती त्याच्या तळहातावरून उचलून घ्यावी लागली. चावी घामानं ओली होती.

तिनं शीट पुढे ओढलं, आरसा सारखा केला, चपला काढून बाजूला ठेवल्या. जीपही ती अनवाणीच शिकली होती.

पहिल्यांदा गाडी आळसावल्यासारखी चालली. तिसऱ्या गिअरमध्ये मीनानं पाय दाबला. एक क्षणभर काहीच झालं नाही, जसं काही गाडी विचारत होती, खरंच का? आणि मग पाठीला कुणीतरी मोठा, मऊ तळहात लावून ढकलावं तसं सगळं पुढे सरकलं.

“आला!” मागून कल्याण ओरडला. “टर्बो आला! ऐकलं का? ती शीळ बघ, बारीक!”

“ऐकलं.”

“आता चौथा टाक. आता न्हाई, थांब, थांब... आता!”

तिनं चौथा टाकला. काँक्रीटचे सांधे आधी टक, टक वाजत होते, ते जवळ जवळ येत गेले आणि त्यांची एकच घरघर झाली, दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी. नव्वदच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग हातात जड आणि शांत झालं. गाडी रस्त्यावर दबून बसली. तळव्याखाली इंजिन कसं श्वास घेतंय ते मीनाला कळत होतं. कान पायात ठेवायचे, असं आबा म्हणायचे ते हेच. शंभर. एकशे दहा. एकशे वीस. तिथं तिनं पाय स्थिर धरला. त्याच्या वर जायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती. मघाचा एक ट्रक डावीकडे मागे पडला, अगदी सावकाश, जसा तोच उलटा चालला होता.

“आत्याबाई, बऱ्या आहात ना?”

“मला काय धाड भरलीय?” झुंबरबाई खिडकीला नाक लावून होत्या. “चांगुणीला सांगते.”

कल्याण पट्टा ताणून दोन्ही शिटांच्या मधे वाकला होता. किती आरपीएम, कुठला गिअर, वळणावर गाडी कशी झुकत नाही, सगळं सांगत होता. आरशातले डोळे आता ओळखीचे होते. मीनाला वाटलं, एवढंच असू दे. तो ऐकेल, मी चालवीन. नाव कशालाच द्यायला नको.

मग तो मागे टेकून बसला.

“अलीमकडून गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी,” तो म्हणाला, “शीट दोन खाचा पुढं होतं.”

मीनाचा पाय सैल पडला, घरघर उतरायला लागली.

“पाय काढू नको,” कल्याण म्हणाला. “बराबर चालू होतं.”

तिनं पाय पुन्हा टेकवला.

“मी शीट मागं घेतलं अन् बसलो तिथंच, दुकान उघडायची येळ होईपरेंत. वाटलं, हिला इचारावं, कशी पळली. पण इचारलं असतं तर तू मला इचारलं असतं.”

झुंबरबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. त्यांनी मान न वळवता हात लेकाच्या गुडघ्यावर ठेवला.

“इंजिन कधीच मोकळं झालंय, मीना,” कल्याण म्हणाला. “मला भीती वाटते. त्या ट्रॉलीच्या दिवसापासून मला गाडी चालवायची भीती वाटते.”