हँडलचे तीन झटके

माह्या तोंडाले लगाम नाही, हे अख्ख्या अमरावतीले माहीत हाय. मी सहदेव. घरचा धंदा फुलाचा, पन मले हार ओवाचा पयल्यापासून कटाळा, म्हून गॅरेज टाकलं. आता रेसच्या क्वाड गाड्या, म्हंजे मोठ्या चाकाच्या त्या चारचाकी बाइका, आसपासच्या चार जिल्ह्यांतून माह्याचकडे येते.

पोट्टे आले की एकच इचारते. "काका, स्टिअरिंग डॅम्पर साधा लावू का प्रीमियम?" डॅम्पर म्हंजे हँडलच्या बुडाशी बसते ती तेलाची डबी. चाक दगडावर आदळलं की हँडल हिसका मारते, तो हिसका हे डॅम्पर पिऊन घेते. साध्यात कडकपना एकच, हिसका लहान असो का मोठा. प्रीमियमात मोठ्या हिसक्याची सेटिंग येगळी असते, अन् हँडल सरळ होताना ते हाताले मोकळं सोडते.

मी कोनाले कॅटलॉग दाखवत नाही. मनगट पाहतो. पोट्ट्याले गाडीवर बसवतो, डोळे मिटाले लावतो, अन् हँडलचं टोक धरून सपकन झटका देतो. हात सुटला त्याले प्रीमियम, टिकला त्याले साधा. सात वर्सं झाले, माह्या गॅरेजचा हाच कायदा हाय.

गीतांजली माही एकुलती पोरगी, बाविसाची. ह्याच गॅरेजात ऑइलच्या डब्यावर बसून लहानाची मोठी झाली. क्वाड माह्यापेक्षा बरी चालवते. हे म्या तिले कधी सांगतलं नाही, अन् सांगनारही नव्हतो.

एप्रिलात अकोल्याले रेस होती. पयल्या दोघाईले पुन्याची एक टीम घेऊन जानार होती. गाडी त्याईची, राहनं-खानं त्याईचं. गीतानं हे तिच्या मायले सांगतलं, मले नाही. बापाच्या हातचं शिकली अन् बापालेच खबर नाही! मले ते लय झोंबलं.

त्यात महिन्याआधी भातकुलीच्या रस्त्याकडं सराव करताना ते पडली. घरी काहीच बोलली नाही. बाहीच्या आतून उजव्या मनगटाले पट्टा बांधे, चहाचा कप डाव्या हातानं उचले. मी काय आंधळा होतो? सारं दिसत होतं. पन म्या ठरवलं, इनं येऊन म्हनावं, बाबा, दुखते. एवढंच म्हनावं. मंग तिले डॉक्टरकडं नेईन, प्रीमियम डॅम्पर माह्या हातानं लावून देईन. एका शब्दाची वाट पाहून राहिलो होतो मी.

रेसच्या चार दिवस आधी पुन्याहून एकच प्रीमियम डॅम्पर आला. घेनारे दोघं. एक गीता, अन् दुसरा वकील कमलाकांतसाहेबांचा पुष्कर. पोट्टा सभ्य, पन हात लोन्याचे.

"कायदा तो कायदा," म्या म्हनलं. "बसा गाडीवर."

पयले पुष्कर बसला. म्या झटका देला, त्याचे दोन्ही हात सुटले. तो कसनुसा हासला.

मंग गीता बसली. डोळे मिटले. म्या झटका देला. हात टिकला, पन ओठ पांढरे पडले. तेवढ्यावर थांबाले पाह्यजे होतं. म्या दुसरा देला, जास्त जोरात. टिकला. तिसऱ्याले म्या पूरं आंग टाकलं, अन् हँडलच्या नळीतून काहीतरी कट करून वाजल्याचं माह्या तळहाताले समजलं. ते गाडीचं नव्हतं. गाडी मी रोज खोलतो, तिचे आवाज मले माहीत हाय.

"झालं का, बाबा?" तिनं इचारलं. डोळे मिटलेलेच.

"दुखलं का?"

"नाही."

"मंग तुले प्रीमियम कायले पाह्यजे? लोखंडाचं मनगट हाय तुहं. साधा लाव."

पुष्कर पुढं आला. "काका, तिलाच द्या ना. मी पुढच्या वेळी घेईन."

"तू चूप बस बे! माह्या पोरीची कीव कराले तुले कोन सांगतलं?"

गीताची माय, पार्बता, डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सारं पाह्यलं होतं. "काहून पोरीच्या हाताच्या मांगं लागले तुमी?" ते म्हनली. "दुश्मन होये का ते तुमची?" म्या तिच्या हातचा डबा घेतला अन् पुष्करच्या गाडीले प्रीमियम डॅम्पर बसवाले लागलो. गीता मले पाने देत होती, डाव्या हातानं.

अकोल्याच्या बाहेर एका पराटीच्या, म्हंजे कापसाच्या, वावरात ट्रॅक केला होता. पराटी उपटली होती, पन बैलबंड्याईच्या चाकोऱ्या तशाच होत्या, वाळून दगड झालेल्या. पाच चक्कर होते. तिसऱ्यात गीता पयल्या नंबरवर होती, अन् मी दोरीजवळ उभा राहून मनात म्हनत होतो, आता तरी हात वर कर, आता तरी थांब. तिचं पुढचं चाक चाकोरीत घुसलं. हँडल असं फिरलं की म्या डोळे मिटले. उघडले तवा ते चालतच होती, पन उजवा हात हँडलवर नुसता ठेवल्यासारखा होता.

उरलेले दोन चक्कर तिनं तसेच मारले. दुसरी आली. पुष्कर सहावा आला, हसत हसत, धडधाकट.

टीमवाला मानूस कागद घेऊन आला. "सही करा, मॅडम." गीतानं पेन डाव्या हातात घेतलं अन् पोट्टं पाटीवर गिरवते तशी सही केली. मंग हातमोजा काढाले गेली तर तो निघेना. मनगट कोपराएवढं झालं होतं.

दवाखान्यात मनगटाचा एक्स-रे काढला. हाड आधीचंच चिरलेलं होतं, त्याच जागी आता पूरं तुटलं. डॉक्टरनं मले इचारलं, "हे आधीचं कधी लागलं होतं? कोणी पाहिलं नाही का?" काय सांगू? पाह्यलं होतं, साहेब, महिनाभर पाहून राहिलो होतो.

"मान भिंतीकडे करा," डॉक्टर गीताले म्हनले. "मी सुई टोचतो. टोचली की सांगायचं."

तिनं मान फिरवली. त्याईनं अंगठ्याले टोचलं. ते चूप. बाजूच्या बोटाले टोचलं. ते चूप. माहं डोकं सनकलं. इथंही जिद्द! "अवं, आता तरी तोंड उघड ना!" मी ओरडलो. "दुखते म्हून सांग ना एकदा! सांगशीन तर काय नाक कापलं जाईन का तुहं?"

डॉक्टरनं मले हातानं थांबवलं. तिसऱ्या बोटात सुई रुतलेली होती. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

गीता भिंतीकडंच पाहत होती. "टोचा ना, डॉक्टर," ते म्हनली. "मी कवाची वाट पाहून राहिली."

डॉक्टरनं हळूच सुई काढली अन् नर्सले ऑपरेशनची तयारी कराले सांगतलं.

"टोचलं माय त्याईनं," म्या गीताले म्हनलं. "तीनदा टोचलं."

मंग तिनं मान वळवली, अन् महिन्यात पयल्यांदा माह्यासमोर आपल्या हाताकडं पाह्यलं.