आत्याचा बिनपडद्याचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला पडदा नाही. हसलात ना? सगळेच हसतात. आता त्याचं काही वाटत नाही. वय झालं की हसणाऱ्यांशी भांडायचासुद्धा कंटाळा येतो.

जन्मलो तेव्हा मलाही पडदा होता, चांगला रुंद, चकचकीत. एका कार्यालयात खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवलं होतं. तिथे मी दिवसभर बिलं छापायचो. माझा आवाज मात्र पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता, का तर साहेबांच्या कामात व्यत्यय नको! इतकी वर्षं तोंड मिटून राबलो. मग नवीन संगणक आले आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. तिथे धूळ खात पडलो असताना कुणीतरी मला उचललं आणि आत्याच्या खोलीत आणून ठेवलं.

आत्या म्हणजे भिंगरीची आत्या. भिंगरी हे त्या घरातल्या मुलीचं लाडाचं नाव, कारण ती एका जागी बसतच नाही. आत्याला डोळ्यांनी दिसत नाही. पहिल्याच दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत हाताने चाचपलं आणि म्हणाली, "पडदा कशाला? उगाच टेबल अडतं. न्या तो."

आणि मग, मित्रांनो, मी बोलायला लागलो! माझ्यात एक वाचणारा प्रोग्राम बसवला. आत्या जी कळ दाबेल ते अक्षर मी बोलायचो, जे उघडेल ते वाचून दाखवायचो. तेही इतक्या वेगाने की भिंगरीचे बाबा दारात थांबून म्हणायचे, "ताई, हा बोलतोय की जिन्यावरून डबे गडगडतायत?" आत्याला मात्र शब्द न् शब्द कळायचा. एका दवाखान्यातले डॉक्टर रुग्णांची माहिती बोलून रेकॉर्ड करायचे. आत्या ते ऐकून टाइप करायची. तिच्या अहवालात चूक शोधून सापडायची नाही. डॉक्टर कौतुक करायचे तिचं, आणि ती थोपटायची मला. असे दिवस होते ते.

पण मी थकत चाललो. वाचता वाचता मध्येच अडकायचो. पंखा घरघरायचा. एकदा तर अर्धा अहवाल गिळून बसलो. तेव्हा भिंगरी कंबर कसून पुढे आली. "आत्या, मी याला आतून पुसून काढते आणि सगळं नव्याने टाकते. कोरा करकरीत होईल बघ!"

आत्याने होकार दिला. भिंगरीला काम करताना दिसायला हवं, म्हणून बाबांनी त्यांच्या दुकानातला पडदा आणून मला जोडला. "ताई, तू बाहेर बस. इथे तारांचं जंजाळ झालंय, पाय अडकेल," असंही म्हणाले.

भिंगरीने काम मन लावून केलं, खोटं कशाला बोलू? मी जागा झालो तो हलका होऊन. वाचणारा प्रोग्रामही तिने आठवणीने बसवला. फक्त आवाज नव्हता.

मग सुरू झाले माझे हाल. तिने आवाज वाढवला. स्पीकरची तार काढली, घातली. स्पीकर मोबाइलला लावून पाहिला, तर तिथे ठणठणीत वाजला. आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. बंद कर, चालू कर, परत बंद कर. माझा जीव मेटाकुटीला आला.

खरं तर, मित्रांनो, मी बोलत होतो! पडद्याला जोडलेली तार चित्र नेते तसा आवाजही नेते. नव्या प्रोग्रामने जागं होताच ती पाहिली आणि माझं सगळं बोलणं तिकडे धाडलं. पण त्या पडद्यात स्पीकरच नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी! हे मला समजत होतं, पण सांगू कसा?

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. एका रुग्णाची उद्या शस्त्रक्रिया आहे, त्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत हवाच. आत्या भिंत धरत आत आली.

"गेलाय गं हा," बाबा म्हणाले. "म्हातारा झाला. किती दिवस ओढणार?"

"आत्या, आजचं मी ऐकून टाइप करून देते ना," भिंगरी म्हणाली.

"आज देशील. उद्या तुझी शाळा. परवा परीक्षा. मग मी रोज कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" आत्या खाली बसली. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. ते हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मला स्वतःचाच राग आला.

मग तिने भिंगरीला विचारलं, "तुला तिथे दिसतंय काय?"

"हिरवी पट्टी वर-खाली उड्या मारतेय. म्हणजे आवाज आहे म्हणे! कपाळ माझं."

"म्हणजे बोलतोय तो. कुठेतरी भलतीकडेच बोलतोय. तुम्ही याला नवीन काय जोडलंत?"

"काहीच नाही," दोघं एका सुरात म्हणाले.

"काहीच कसं नाही? मग तू ती पट्टी बघतेस कशात?"

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिथली एकेक तार तिला पाठ होती. जी अनोळखी लागली ती तिने धरली.

"अगं थांब! मला दिसणार कसं मग?" भिंगरी ओरडली.

"तुझं दिसणं राहू दे. मला ऐकू दे," म्हणत आत्याने ती ओढून काढली. पडदा काळा झाला. तिने एक कळ दाबली, आणि भिंगरीने मदतीसाठी जे पान उघडून ठेवलं होतं ते मी स्पीकरमधून खणखणीत वाचलं, "तुम्हाला आवाज ऐकू येत नाही का?"

"येतोय रे बाबा, येतोय!" आत्या इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "पण हा किती रेंगाळत बोलतोय! भिंगरे, याचा वेग वाढव आधी."

"कशी वाढवू? पडदा काढलास ना!"

"मग मी सांगते तशा कळा दाब."

अहवाल वेळेत गेला. मी कोरा करकरीत वगैरे झालो नाही. पंखा अजून घरघरतो आणि जिना चढल्यासारखी धाप लागते. आणखी किती दिवस निभेल कोण जाणे.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर दुरुस्त करा, आमची धूळ झटका, तारा नीट लावा. पण तेव्हा ज्याचं आमच्यावाचून अडतं त्याला खोलीबाहेर बसवू नका. त्याला जवळ बसवा आणि आधी त्याला विचारा. आमची नस त्याच्याच हाताला ठाऊक असते.