सर्व हक्क सरांचे

स्टेपलरची पिन फलकात न जाता त्याच्याच अंगठ्यात घुसली, नखाच्या कडेला रक्त जमलं, तरी देवसिंगने हात मागे घेतला नाही — बघत राहिला. सूचना त्यानेच टाइप केली होती : पुस्तकाच्या एक दशांशाहून जास्त पानांची झेरॉक्स मिळणार नाही, लेखकाच्या हक्काचा भंग केल्यास कारवाई होईल. पुसदच्या या कॉलेजात ग्रंथालय परिचर म्हणून लागल्यापासून अकरा वर्षांत त्याने एकही नियम मोडला नव्हता. नियमाने वागणाऱ्याला कुणी तांड्यावरचा म्हणून हिणवत नाही, असं त्याला वाटायचं. मूर्ख कुठला.

काउंटरपलीकडे अंजू उभी होती. त्याच्याच तांड्यावरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. रविवारी तिचं लग्न. हातात विभागप्रमुख सरांचं बंजारा गीतांचं पुस्तक.

"भाऊ, ढावलोचा सारा भाग पाह्यजे मले. चाळीस पानं."

"बारा भेटतीन."

"बारात कसं होईन? बापासाठी वायलं रडनं, भावासाठी वायलं..."

हे तिने त्याला सांगावं! ढावलो म्हणजे नवरीचं गाऊन रडणं, लग्नाआधी कितीतरी दिवस म्हाताऱ्या बायका तिला ते शिकवतात, आणि तांड्यावर शिकवणारी एकच उरली होती — हंसाबाई, त्याची याडी, आई. ही चाळीस पानं तिच्याच तोंडची. सर रेकॉर्डर घेऊन आले तेव्हा संमतीपत्रावर तिचा अंगठा यानेच धरून टेकवला होता, दाबून, नीट उमटावा म्हणून... आणि पुस्तकात काय, तर 'एक वृद्ध निवेदिका'. नाव नाही. पहिल्या पानावर 'सर्व हक्क लेखकाधीन'.

सरांची मान धरावी आणि त्याच पानावर त्यांचं तोंड आपटावं, नाक फुटेपर्यंत, दात हलेपर्यंत, अक्षरं लाल होईपर्यंत — जेवताना, अंघोळ करताना, एस.टी.त उभ्याने, वर्षभर देवसिंग मनात हेच करत आला होता. समोर सर आले की मात्र "नमस्कार सर."

मार खाल्ला तो शामने. चुलतभाऊ. मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नात याडी गात होती, शाम मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, आणि कॉपीराइटच्या कार्यशाळेहून दोनच दिवसांपूर्वी परतलेल्या देवसिंगने तो मोबाइल हिसकावून दगडावर आपटला, शामच्या थोबाडीत दिली — एक, दोन, ओठ फाटला तरी तिसरी. "हे गानं सरच्या नावावर हाय! केस होईन तुह्यावर!" नवरीसुद्धा रडायची थांबली.

याडीने तेवढंच विचारलं होतं, "मंग म्या गायलं तं चालते का?"

नियम छापलेल्या पुस्तकाचा होता, तिच्या गळ्याचा नव्हता. मला माहीत होतं. कार्यशाळेत मी तसं लिहूनही घेतलं होतं. पण हात अजून शिवशिवत होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी ओरडलो — "नाही!"

तेव्हापासून तिने ढावलो गायला तोंड उघडलं नाही. बैलांवर माल लादून गावोगाव फिरणाऱ्यांची ती नात. दुसऱ्याची झालेली गोणी वाटेत उघडायची नाही, एवढंच तिला ठाऊक. तिने गाणंही तसंच बांधून ठेवलं.

"याडीकडं गेलती मी," अंजू म्हणाली. "तीनदा. थे म्हने, माहं नाही राह्यलं ते आता." तिने पुस्तक काउंटरवर ठेवलं. "मंग मी काय मुकीच जाऊ, भाऊ?"

त्याने पुस्तक ओढून घेतलं. मशीन चालू होतं, बघायला कुणी नव्हतं; चाळीस पानं पाच मिनिटांत निघाली असती. ती कागद बघून रडली असती, आणि याडीची कुणालाच गरज उरली नसती... सरांचा चेहरा आठवून बघितला. संताप आला नाही. मांडवातला स्वतःचाच आवाज आला. याडीसमोर बसून 'मी खोटं बोललो' म्हणायचं, बस. कुणाचं नाक फोडणं याहून सोपं होतं.

"कॉलेज सुटेवरी थांबशीन का?" तो म्हणाला. "माह्या गाडीवर चाल घरी."

"झेरॉक्स?"

त्याने नकारार्थी मान हलवली. साडेपाचला अजून दोन तास होते, आणि याडीला सांगायचं पहिलं वाक्यच त्याला सुचत नव्हतं.